गुप्ते भाऊजींच्या परत गेलेल्या रेकॉर्डी

आमच्या मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. एक आमचं, एक गुप्त्यांचं. सकाळी देवपूजा आटोपून मी उंबऱ्याशी रांगोळीच्या चार रेघा ओढायला बसते, तेव्हा समोरचं दार उघडंच असतं आणि दिनानाथ गुप्ते खिडकीच्या उजेडात एक काळी रेकॉर्ड तिरपी धरून उभे असतात. वीतभर लांब धरतात, एक डोळा मिटतात, हळूच कलती करतात. कुणा नवख्याला वाटावं, सूर्याला अर्घ्य चाललंय.

"ओरखडा नाही," ते स्वतःशी म्हणतात. मग माझ्याकडे लक्ष गेलं की, "वहिनी, बघा. आरसा आहे आरसा."

"मग वाजवा की, भाऊजी."

"काय?"

"वाजवा म्हटलं."

"हां, हां. झाला माझा चहा."

हे गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. मी रोज वहीत चार ओळी लिहिते, त्यात त्यांचं नाव इतक्यांदा आलं की शेवटी म्हटलं, एकदा सलगच लिहून काढू.

भाऊजी आता पासष्टीला आले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसशॉपचे सुपरवायझर होते. पत्रा दाबून त्यातून भाग काढायचे अजस्र प्रेस, आणि दिवसभर त्यांची धडधड. त्यांची बायको नीलिमा सांगते, लग्नानंतर पहिली काही वर्षं हे घरी आले की तासभर ओरडूनच बोलायचे. तिला वाटायचं, गुप्त्यांकडे सगळे चिडकेच असतात की काय. शेवटी सासूबाईंनी समजावलं, "चिडलेला नाही गं तो, अजून कारखान्यात आहे." कानात घालायला बोळे मिळत, ते हे कधी घालायचे नाहीत. म्हणायचे, प्रेस बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, कान बुजवले तर कळणार कसं? त्या कानांनी बऱ्याच जणांचे हात वाचवले, असं त्यांच्या निरोपसमारंभात एकजण बोलला. मी होते तिथे. भाऊजी मान खाली घालून बसले होते.

माणूस पारखून घेणारा. आमच्या कात्रपच्या बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडवून आतली काडी बघतात. भाजीवाली त्यांना लांबून बघितलं की शेजारणीला म्हणते, "आले इन्स्पेक्शनवाले." ते ऐकतात आणि हसतात. म्हणजे पूर्वी ऐकायचे.

गाण्याचं म्हणाल तर त्या घरात गाणं नव्हतं. रेडिओ होता तो बातम्यांपुरता. पण रिटायर व्हायच्या बऱ्याच आधी अंबरनाथला शिवमंदिराजवळ गाण्याचा कार्यक्रम होता, आणि कारखान्यातल्या कुणीतरी पास दिला म्हणून हे गेले. त्या संध्याकाळबद्दल मला त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं होतं. गाणाऱ्या बाई डोळे मिटून बसलेल्या, अजून गायला लागल्या नव्हत्या, आणि मागे नुसते दोन तानपुरे चाललेले.

"वहिनी, तारा चारच. पण आत काहीतरी गुणगुणत होतं. मोहोळासारखं. इतकं बारीक, आणि तरी मांडवभर पसरलेलं. मी आयुष्यभर एवढा मोठा आवाज ऐकला, एवढा बारीक आवाज असतो हेच मला माहीत नव्हतं."

गाणं काय झालं, राग कोणता, त्यांना काही आठवत नाही. तानपुरा तेवढा आठवतो. रिटायर झाल्यावर काय करणार असं कुणी विचारलं की म्हणायचे, शांत बसून तो आवाज ऐकणार. मोबाईलवर ऐकून बघितलं, म्हणाले चपटं आहे. मग बेंगळुरूच्या लेकीने, राजसीने, साठीला न देता आलेली भेट म्हणून रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि दोन स्पीकर पाठवले. तेव्हापासून हा शोध सुरू झाला.

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मशीन यायच्या आदल्या वर्षी नीलिमा त्यांना अंबरनाथला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी तपासून कागदावरची रेघ दाखवली. रेघेचं डावं टोक बरं होतं, उजवं घसरगुंडीसारखं खाली गेलेलं. खालचे, जाड आवाज यांना ऐकू येतात. वरचे, बारीक आवाज गेलेत. बोलण्यातल्या शब्दांच्या कडा त्यातच असतात, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "कानाचं मशीन लावा, आत्ताच. जितका उशीर कराल तितकी मेंदूची शब्द ओळखायची सवय सुटेल. मग मशीन लावूनही नुसता गोंगाट होईल."

जिना उतरताना भाऊजी नीलिमाला म्हणाले, "हा डॉक्टर पुटपुटतो."

नीलिमाला रेकॉर्डीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की उशीर व्हायच्या आत यांनी कानाचं मनावर घ्यावं. भाऊजींना एवढंच हवं होतं, तानपुरा. दोघांचं मागणं एकच होतं आणि त्यावरून त्या घरात रोज वाद होत होता.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये चंदरचं दुकान आहे. पुढे ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची दुरुस्ती, मागच्या फळ्यांवर जुन्या-नव्या रेकॉर्डी. वडिलांचं रेडिओचं दुकान होतं ते याने असं वळवलं. एकदा मला आणि नीलिमाला देवीच्या ओटीसाठी खण आणि पडद्यांचं कापड घ्यायला जायचं होतं, तेव्हा भाऊजी बरोबर आले आणि आधी आम्हाला तिकडे घेऊन गेले. आम्ही स्टुलांवर बसलो. चंदरने एक नवी कोरी जाड रेकॉर्ड काढून दिली.

"देखो अंकल, एकशे ऐंशी ग्रॅम. नवीन लोक हिच्यामागे वेडे आहेत."

भाऊजींनी ती हातावर तोलली. "पत्रा जाड असला म्हणून पार्ट बरोबर निघतो का?"

"यही तो. वजनाने एवढंच की लवकर वाकत नाही. गाणं कुठून घेतलंय ते विचारायचं. कुणी जुन्या टेपवरून करतात, कुणी कॉम्प्युटरमधली कॉपी घेऊन छापतात. मग जाडी घ्या नाहीतर पतली, आत तेच मोबाईलवालं."

"आणि हे काय खरवडलंय?" भाऊजींनी लेबलाच्या कडेला, जिथे गाणं संपून गुळगुळीत पट्टा असतो, तिथे बोट ठेवलं.

"नंबर आहे. साच्याचा."

हे ऐकल्यावर भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्हा दोघींकडे वळून समजावायला लागले. रेकॉर्डही प्रेसवरच निघते. साचा, म्हणजे डाय, नवी असते तोवर काठ धारदार असतात. हजारो नग काढून झाले की ती झिजते आणि माल बोथट निघतो. "म्हणजे शेवटचा आकडा लहान तो पहिला माल. पहिला माल तोच खरा."

"कभी हां, कभी ना," चंदर म्हणाला. "पहिलाही खराब छपतो, अंकल. ही जुनी घ्या, हिचं मधलं भोक बघा. भोवती या पांढऱ्या रेघा दिसतात? कुणीतरी घाईघाईत मशीनवर टेकवलीय, पुन्हा पुन्हा. म्हणजे खूप वाजलीय, घासलीय. रेघा नाहीत ती घ्यायची. ट्यूबखाली तिरपी धरा, ओरखडे बघा. हे सगळं ठीक. लेकिन आखिर में सुनके लो. मी लावतो, तुम्ही ऐका. नंबर को क्या पूजना है."

"काय म्हणाला?" भाऊजींनी नीलिमाला विचारलं.

"ऐकून घ्या म्हणतोय," नीलिमा म्हणाली, जरा मोठ्यानेच. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं.

भाऊजींनी बाकी सगळं मनापासून शिकून घेतलं. ओरखडे, भोक, नंबर, लेबलाचा रंग, कव्हराचे जोड, रेकॉर्ड काठाला धरायची, बोट आत लागू द्यायचं नाही. नवशिक्या माणसाने इतक्या थोड्या दिवसांत इतकं शिकलेलं मी पाहिलं नाही, असं चंदरच म्हणाला. पण आणलेली रेकॉर्ड घरी लावली की दोन मिनिटांत भाऊजींचा चेहरा पडायचा.

"झाकलेलं आहे. गोणपाटातून गातंय. तानपुरा कुठेय यात?"

पुढच्या शनिवारी रेकॉर्ड उल्हासनगरला परत. एका बाईंचा यमन परत गेला. सरोदवरचा मारवा परत गेला. सतारीची एक होती, ती तर कव्हरात घालून दुसऱ्याच दिवशी परत गेली. "प्रेसिंग मेलेलं आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं. मला दारातून मारवा ऐकू आला होता. मला रागदारीतलं फार कळत नाही, आमच्या भजनी मंडळात जेवढं कानावर पडतं तेवढंच. पण त्या सरोदमागे काहीतरी मंद, सलग झिणझिणत होतं आणि मी हातातलं निवडणं सोडून तशीच बसले होते. तेच त्यांना ऐकू येत नव्हतं.

नीलिमा सांगायची. तिला उत्तर मिळायचं, "तुला गाण्यातलं काय कळतं?" राजसी फोनवरून सांगायची. फोन ते नीलिमाच्या हातात द्यायचे. मग सुईवर संशय आला, मग स्पीकरवर. शेवटी चंदर स्वतः कात्रपला आला, सुई तपासली, आणि दुकानात परत आलेल्या रेकॉर्डींतली एक लावून हॉलच्या मध्यभागी उभा राहिला. भाऊजी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, "अंकल, सब बढ़िया आहे," आणि भाऊजी म्हणाले, "तुझ्या स्पीकरची सवय झालीय तुझ्या कानाला." बाहेर जिन्यात मात्र तो आम्हा दोघींशी हळू आवाजात बोलला.

"भाभी, रेकॉर्ड में कुछ नहीं है. सुई में भी नहीं. तानपुरा ऐसा आ रहा है के मैं वहीं बैठ जाता."

"मग तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा ना," नीलिमा म्हणाली.

"मी दुकानदार. मी जास्त बोललो तर वाटेल, माल खपवतोय."

तेही खरंच होतं.

खरवईच्या रस्त्यावर एकदा मागून रिक्षा आली आणि तिचा दांडा भाऊजींच्या कोपराला लागून गेला. हे रिक्षावाल्यावर चढले, हॉर्न द्यायला काय झालं होतं? तो म्हणाला, "काका, केव्हाचा देतोय." घरी येऊन भाऊजींनी तो किस्सा रिक्षावाल्यांच्या उद्धटपणाचा म्हणून सांगितला. त्या दिवशी नीलिमा माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. मी नैवेद्याचं खोबरं खवत होते.

"किर्ती, काल ताट वाढताना मी त्यांना म्हटलं, आज छातीत फार धडधडतंय हो माझ्या. काय म्हणाले माहितीये? पोळी अर्धीच वाढ."

मी खवणी बाजूला ठेवली.

"बरं आहे आता. दाखवून आले एकटीच, नुसतं दमायला झालं होतं. पण रागवू कुणावर? ते प्रेमानेच म्हणाले गं, अर्धीच वाढ."

मी सोमवारी महादेवाला बेल वाहते तेव्हा एक पान नीलिमाच्या नावाने वाहायला लागले. पण काय मागायचं तेच मला ठरवता येईना. त्यांना ऐकू येऊ दे म्हणू, की ऐकू येत नाही हे त्यांना कळू दे म्हणू? दोन्ही म्हणून टाकायची आणि उठायची.

यंदा नवरात्राच्या जरा आधी एक रेकॉर्ड आली आणि परत गेली नाही. खर्जात गाणारे कुणी जुने बुवा होते, भरदार आवाजाचे. नंबर लहान, भोकाभोवती एक रेघ नाही, काळीभोर. ती लावून भाऊजी खूप वेळ बसले. जाड आवाज, तेवढा त्यांच्या कानापर्यंत पोचत होता, हे मला आता कळतं. तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "वहिनी, मिळालं. तानपुरा जरा मागे आहे, पण प्रेसिंग जिवंत आहे." नीलिमा त्यांच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कात्री, आमच्या ह्यांची हत्यारपेटी आणि माझ्या पोथ्या पाटावर मांडून पूजा असते. समोर भाऊजींनी हाक मारली, झेंडूची फुलं आहेत का जास्तीची. फुलं घेऊन गेले तर त्यांनी पाटावर रेकॉर्डचं मशीन मांडलेलं, पुसून लख्ख केलेलं, आणि त्यावर बुवांची रेकॉर्ड. कारखान्यात असताना नवमीला सगळे प्रेस धुवून, पुसून, हळदीकुंकू लावून, हार घालून बंद ठेवत. त्या दिवशी कुणी बटणाला हात लावायचा नाही. भाऊजी रिटायर झाल्यावरही दरवर्षी त्या पूजेला जायचे. यंदा म्हणाले, आपल्या घरी मशीन आहे, बाहेर कशाला जायचं?

वाटीत हळदीकुंकू पाण्यात कालवलेलं. त्यांनी पाच बोटं बुडवली आणि रेकॉर्डवर, लेबल सोडून बाहेरच्या काळ्या भागावर उमटवली.

"अहो, तिच्यावर कशाला?" नीलिमा म्हणाली. "डब्याला लावा ना."

हे त्यांना ऐकू आलं, ती समोरच होती. "डायला लावायचं असतं. काम करते ती डाय. बाहेरच्या बॉडीला टिळा लावून काय उपयोग?"

मग अक्षता वाहिल्या, झेंडू ठेवला, नारळ ठेवला. मीही हात जोडले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्याच्यावर आपलं काम, त्याला टिळा, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. दिवसभर त्यांनी मशीनला हात लावला नाही.

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही दोघं सोनं द्यायला गेलो. आमचे हे, जयदेव, अजून ऑफिसच्या शर्टातच होते, सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं त्यांना. भाऊजींनी रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसून ठेवली होती, वरून अगदी स्वच्छ दिसत होती. आम्हाला बसवलं. "आता ऐका. रेकॉर्ड निवडणं म्हणजे काय ते," म्हणाले आणि सुई टेकवली.

गरम तेलात मोहरी पडावी तसा आवाज आला. थांबला नाही. बुवांचा आवाज त्याच्याखाली कुठेतरी होता, पलीकडच्या खोलीत कुणी गात असावं तसा. मध्येच सुई अडखळून पुढे गेली. नीलिमा ताटलीत करंज्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

भाऊजी डोळे मिटून गुडघ्यावर ताल देत होते.

"कसं स्वच्छ आहे बघा," ते डोळे न उघडताच म्हणाले. "एक कण नाही." मग डोळे उघडून, "काय जयदेवराव?"

"छान आहे, छान," हे म्हणाले आणि हातातल्या आपट्याच्या पानाकडे बघत राहिले.

"वहिनी?"

नीलिमा दारातून माझ्याकडे बघत होती. ती मला सांग म्हणत होती की नको म्हणत होती, मला कळलं नाही. आजही विचारलेलं नाही. मी उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन खाली बसले, माझे ओठ त्यांना दिसतील अशी.

"भाऊजी, खूप तडतडतंय. गाणं ऐकूच येत नाहीये."

"कुठे?"

"सगळीकडे. लावल्यापासून."

"थट्टा करताय वहिनी."

"सणाच्या दिवशी नाही हो करणार."

त्यांनी नीलिमाकडे बघितलं. ती ताटली ठेवून जवळ आली. "मलाही येतंय ऐकू," ती म्हणाली. "जयदेवभाऊजींनाही येतंय."

भाऊजी उठले. सुई उचलली, रेकॉर्ड काढली आणि ट्यूबलाइटखाली नेऊन तिरपी धरली. कानांनी जे सांगितलं नाही ते डोळ्यांनी सांगितलं. रेकॉर्डच्या बारीक खाचांमध्ये पिवळी भुकटी बसली होती, पाच बोटांच्या पाच पट्ट्या. सुईच्या टोकाला हळदीचा बारीक गोळा चिकटला होता. त्यांनी तो नखाने काढला आणि बोटावर धरून बघत राहिले.

"हे एवढं वाजत होतं?"

नीलिमाने होकारार्थी मान हलवली.

त्यांनी बोट पुसलं आणि विचारलं, "तो सरोदचा मारवा. तो चांगला होता?"

"चांगला होता," नीलिमा म्हणाली.

"आणि त्या बाईंचा यमन?"

"चंदर म्हणाला होता ना, रेकॉर्ड चांगली आहे."

"मला नाही म्हणाला."

"तुम्हालाच म्हणाला हो."

ते खुर्चीत बसले. आम्ही सोनं त्यांच्या हातात द्यायचं विसरलो, टीपॉयवर ठेवून आलो. घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला आणि रामरक्षा म्हणायला बसले तर मधल्याच ओळी पुढेमागे व्हायला लागल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मशीनवर जुनी चादर पडली. सकाळी समोरचं दार बंद असायचं. भाऊजी भाजीला जाईनात, वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. नीलिमा म्हणाली, "पूर्वी निदान भांडत तरी होते गं. आता मी काहीही म्हटलं की हो म्हणतात. ऐकलं म्हणून नाही, ऐकलं नाही हे दिसू नये म्हणून." तिने मला दोष दिला नाही. मीच मनातल्या मनात रोज माझी उलटतपासणी करत होते, ते एकटे असताना त्यांना सांगता आलं असतं, चारचौघांत का सांगितलं?

दिवाळी झाली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी नीलिमाला म्हणाले, "त्या पुटपुटणाऱ्याकडे जाऊ या."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. रेघ आणखी खाली गेली होती. उशीर झालाय, ते म्हणाले, पण सगळं संपलेलं नाही. कानाचं मशीन बसलं. पहिले काही दिवस घरात पिशवी चुरगळली तरी भाऊजी दचकायचे. नळाचं पाणी, चमच्यांचा खणखणाट, सगळं अंगावर यायचं त्यांच्या. काढून ठेवायचे, नीलिमा परत लावायला लावायची. आणि नीलिमाची वेगळीच पंचाईत झाली. इतक्या वर्षांत ओट्यापाशी मनातलं मोठ्याने बोलायची तिला सवय लागलेली. एकदा फोडणी देताना म्हणाली, "बसलेत तिथे सकाळपासून, उठायला नको," आणि हॉलमधून उत्तर आलं, "उठतो." तिच्या हातातला झारा पडला. मला सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती.

बोलणं असं हळूहळू परत यायला लागलं. गाणं मात्र आलं नाही. भाऊजींनी एके दिवशी चादर काढून यमनची दुसरी प्रत लावली, चंदरने मुद्दाम शोधून दिलेली. कानाचं मशीन लावून ऐकली तर पत्र्याच्या डब्यात कुणी तारा ओढतंय असं वाटलं. काढून ऐकली तर वरचं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, मशीन बोलण्यासाठी बनवलंय, थोडं जुळवून देतो, पण गाणं पूर्वीसारखं होईल असं सांगत नाही. भाऊजी मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, ते आता नाही येणार. शिवमंदिरापाशी ऐकलं ते तेवढंच होतं माझ्या वाट्याला." देवाची इच्छा म्हणायचं तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी प्रसाद द्यायला गेले तेव्हा समोर नवी रेकॉर्ड लागलेली होती. दोघं मिळून उल्हासनगरला जाऊन आले होते. काठ, भोक, नंबर भाऊजींनी बघितलं होतं, आणि दुकानात ऐकायचं काम पहिल्यांदाच नीलिमाने केलं होतं. कुणा बाईंचा भीमपलास. नीलिमा हात पुसत सोफ्यावर बसलेली, जरा अवघडून, परीक्षेला बसवल्यासारखी.

"तानपुरा येतोय?" भाऊजींनी विचारलं.

"येतोय."

"कसा?"

"कसा म्हणजे? येतोय." मग तिने मान तिरकी केली. "लांब कुणाच्या घरी शिलाईमशीन चालू असावं तसा. थांबतच नाही."

भाऊजींनी हे ऐकून मान हलवली. "हां. तसाच."

"मध्ये मध्ये टक् होतं पण."

"कुठे?" ते लगेच उभे राहिले. "ओरखडा नव्हता. मी बघितलं होतं."

"असेल. बाई वर गेल्या की होतं."

"मग शनिवारी परत देऊन येऊ."

"कशाला?" नीलिमा म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला चालतंय."

माझ्या हातात प्रसादाची वाटी तशीच होती. आता काय होतं असं मला झालं. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "राहू दे मग." त्यांनी कानाचं मशीन काढलं, डबीत ठेवलं, आणि आपली खुर्ची स्पीकरकडून वळवून नीलिमाच्या समोर लावली. मी वाटी टीपॉयवर ठेवली आणि दार ओढून घेताना मागे बघितलं. टक् झालं की नीलिमा एक बोट वर करत होती, आणि भाऊजी ते बघून मान डोलवत होते.